जुनी गाडी घरच्या घरी पुन्हा चालू करणाऱ्यांसाठी : ग्राहक माहितीपत्रक

खळ्यातली, वाड्यातली किंवा दुकानामागच्या शेडमधली फियाट, अँबॅसेडर नाहीतर जीप स्वतःच्या हातांनी पुन्हा रस्त्यावर आणायची असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून अशी मंडळी आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. कुणी लेथच्या कामाला, कुणी ब्रेकचं किट घ्यायला, कुणी नुसतं विचारायला. बहुतेकांचं काम कित्येक वर्षं चालतं, आणि त्यात काही वावगं नाही. शेती, नोकरी, दुकान सांभाळून हे काम असंच होतं.

पहिल्या भेटीत आम्ही प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो : गाडी सगळी एकदम खोलू नका. दिवाळीच्या सुटीत चार हात मिळतात, उत्साह असतो, आणि दारं, काचा, इंजिन, वायरिंग सगळं उतरवलं जातं. मग रब्बीची कामं येतात, लग्नसराई येते. पुढच्या दिवाळीला कोणता बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही, आणि चाकं काढलेली गाडी जागची हलतही नाही. अशा गाड्या शेवटी भंगाराच्या काट्यावर जातात. त्यांचा पत्रा धड असतो, इंजिनही होण्याजोगं असतं, तरी जातात. म्हणून एक भाग खोला, तो पूर्ण करा, बसवा, मगच पुढच्याला हात लावा. सुरुवात चाकं, ब्रेक आणि स्टिअरिंगपासून करा. गाडी दोन माणसांना ढकलता आली, वळवता आली आणि जागेवर थांबवता आली, की मधे वर्षभर खंड पडला तरी काही बिघडत नाही.

नट सैल करण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, लांबून एक आणि जवळून एक. प्रत्येक भागाचे बोल्ट, वायसर, क्लिपा वेगळ्या पिशवीत ठेवा आणि आत कागदाची चिठ्ठी टाका. पिशवीवर पेनने लिहिलेलं उन्हाने उडून जातं. वायरींना चिकटपट्टी लावून नावं द्या. जुना, तुटका, गंजलेला भागही नवीन बसेपर्यंत फेकू नका. नमुना हातात असला तर लेथवाला तसाच करून देतो, नसला तर अंदाजाने करतो.

आधी कागद

आजोबांची किंवा वडिलांची गाडी असेल, तर खर्च करण्याआधी ती स्वतःच्या नावावर करून घ्या. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. भाऊ-बहिणींची संमती आताच लेखी घ्या. गाडी गंजत उभी असते तेव्हा ती कुणालाच नको असते. चकाकायला लागली की मात्र सगळ्यांची होते, आणि त्यावरून घरात कटुता आलेली आम्ही पाहिली आहे.

आरसी बुकावरचे चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा, फोटो काढा. त्या जागेवर ग्राइंडर, सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) किंवा जाड प्रायमर अजिबात नको. नंबर पुसट झाला तर फेरनोंदणी अडते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं, आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. पेट्रोल गाडी १५ वर्षांनी बंद होते ही बातमी दिल्ली आणि आसपासच्या भागाची आहे, खान्देशाला तो नियम लागू नाही. बरेच जण त्या धास्तीने चांगल्या गाड्या विकून टाकतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. पण व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. घरच्यांना घेऊन पद्मालयाला किंवा शिर्डीला जायचं असेल, तर साधी नोंदणी चालू ठेवणंच बरं, असं आमचं मत. कुठल्याही वाटेने गेलात तरी दुसऱ्या गाडीचं इंजिन परस्पर बसवू नका. त्याला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते.

आपली गाडी कोणत्या जातीची

जीपची बॉडी चासीपासून (खालच्या लोखंडी चौकटीपासून) वेगळी उचलता येते, त्यामुळे घरी काम करायला ती सर्वांत सोपी. फियाट आणि अँबॅसेडर यांना वेगळी चासी नाही. तळ, सिल, खांब आणि टप मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. दाराखालची सिल सडली म्हणून ती आधार न देता कापली, तर गाडी मधून बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. कापण्याआधी गाडी चार ठिकाणी सपाट टेकवा, दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या टाकून वेल्डिंगचे टाके मारा, एका वेळी एकच बाजू घ्या. हे जमणार नाही असं वाटलं तर सिलचं काम आमच्याकडे आणा. बाकीचा तळाचा पत्रा घरी बदलता येतो.

१९६४ पर्यंतच्या, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात त्या गाड्यांचे बाहेरचे भाग आता मिळणं फार अवघड. १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने आलेल्या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन, क्लच, ब्रेक यांचं सामान अजून मिळतं, पण पूर्वीसारखं नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे हा बाजार टिकून होता, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे तिचं सामान त्या मानाने सहज मिळतं. इंजिनचं सामान नंतर घेतलं तरी चालेल. काचा, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या रिंगा, मीटर, दारांचे रबर असं काही कुर्ल्याच्या बाजारात किंवा कुठल्या जुन्या गॅरेजात दिसलं, तर त्याच दिवशी घेऊन ठेवा.

गाडी कुठे आणि कशी उभी करायची

आमच्या पाहण्यात खान्देशातल्या गाड्या रस्त्यावर कमी आणि उभ्या उभ्याच जास्त सडल्या आहेत. म्हणून हा भाग नीट वाचा.

काळ्या मातीवर गाडी ठेवू नका. ही माती पावसाचं पाणी महिनोन् महिने धरून ठेवते आणि तो ओलावा खालून तळाच्या पत्र्याला लागत राहतो. फरशी किंवा कोबा नसेल तर निदान मुरूम दाबून वर जाड प्लास्टिक आणि फळ्या टाका.

गाडीवर ताडपत्री थेट टाकू नका. खाली दमट हवा कोंडते आणि टपाला आतून घाम सुटतो. वर पत्र्याचं छप्पर आणि गाडीवर जुन्या सुती चादरी, हे उत्तम.

शेडमध्ये खतं ठेवू नका. केळीवाल्यांकडे पोटॅशच्या गोण्या असतातच. त्यात क्लोराइड असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि उघड्या लोखंडाला खाऊन टाकतं. युरियाही हवेतला ओलावा ओढतो. ठिबकच्या नळ्या साफ करायचं ॲसिड तर त्या शेडमध्ये एक रात्रही नको. कॅन बंद वाटला तरी वाफा येतात, आणि घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी तांबूस दिसतो. रावेर-यावलकडच्या एका गाडीचं इंजिन आणि गिअर बॉक्स अगदी चांगले होते, पण ॲसिडच्या कॅनकडच्या दोन्ही दारांची चाळणी झाली होती.

भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला असेल, तर त्या खोलीत किंवा तिच्या लगत वेल्डिंग, ग्राइंडर काही चालवू नका. ठिणगी कापसात आत दबून राहते आणि काही तासांनी पेट घेते. कापसाच्या वासाने आलेले उंदीर वायरिंग आणि गाद्याही कुरतडतात, हे वेगळंच.

गाडीखाली जाताना जॅकवर कधीच भरवसा ठेवू नका. दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी (गाडी टेकवायचे स्टँड) लावा, घोडीखाली जाड फळी द्या. विटा नकोत, त्या फुटतात.

इंजिन, पेट्रोल, पाणी

बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनाला बॅटरी लावून सेल्फ मारण्याचा मोह आवरा. पिस्टनच्या रिंगा आत धरलेल्या (अडकलेल्या) असतील तर त्या तुटतात आणि सिलिंडरच्या बोअरला ओरखडे पडतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूच फिरवून पाहा. फिरलं तर नवीन ऑइल, नवीन फिल्टर, आणि त्यानंतरच स्टार्टची गोष्ट. नाही फिरलं तर जोर लावू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून आणा. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचा फेस मशिनवर सपाट करणं ही कामं घरची नाहीत, ती आम्ही करतो. काम न करताही महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवत जा.

२००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. अँबॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं हेड बिडाचं, आणि व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट त्यातच कापलेल्या. शिसं नसल्याने त्या लवकर झिजतात. हेड उतरलंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या, पुन्हा हेड उघडण्याचा खर्च वाचेल. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याला पाण्याचा धोका. बोअरवेलचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आतून पापुद्रे धरतात, ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की भुसावळच्या रस्त्यावर गाडी उकळते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप, गाडीतल्या पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरमधली कॉर्कची पॅकिंग त्याने फुगतात, चिरतात आणि गळतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला बोलावणं, म्हणून इथे काटकसर करू नका. सगळे पाइप इथेनॉल सोसणारेच घाला. हे पेट्रोल हवेतलं पाणीही ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग करू नका, कुठल्याही गॅरेजवाल्याकडून बसल्या जागी करवूनही घेऊ नका. रिकाम्या टाकीत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. टाकी काढून आमच्याकडे पाठवा.

ब्रेकमध्ये जुना रबर एकही ठेवू नका. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, होज सगळं नवं, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर कंप्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पत्रा आणि रंग

गंज काढायला सँडब्लास्टिंग ॲक्सल, ब्रॅकेट, जीपची चासी यांना चांगलं. दार, बॉनेट, टप यांचा पातळ पत्रा त्याने लाटेसारखा होतो. तिथे हातानेच घासा. लहान भागांसाठी पाण्यात धुण्याचा सोडा घालून बॅटरी चार्जरने गंज उतरवायची रीत स्वस्त आणि छान आहे, पण मोकळ्या हवेत करा, पॉझिटिव्हला साधं लोखंड लावा. स्टीलचा चमचा किंवा ताट लावू नका, विषारी क्षार तयार होतात. ॲल्युमिनियमचा भाग यात टाकायचा नाही.

पत्रा उघडा केलात की लगेच एपॉक्सी प्रायमर मारा. साधा प्रायमर पाणी शोषतो. त्यावर एक पावसाळा गेला तर खाली पुन्हा गंज चढलेला असतो आणि वरून तो दिसत नाही. लांबी (पुट्टी) भरून भोकं झाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी पत्रा जोडा, लांबी शेवटी आणि पातळ.

रंगाला आपल्याकडे हंगाम आहे. दिवाळी ते होळी हा चांगला काळ. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास थिनर हवेतच उडून जातं, रंग खरखरीत बसतो, आणि वाऱ्याबरोबर धूळ येते. पावसाळ्यात रंगावर पांढुरकी छटा येते. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचं हार्डनर फुप्फुसांना घातक असतं. रुमाल बांधून किंवा साधा मास्क लावून तो घरी मारू नका. प्रायमरपर्यंतचं काम तुम्ही करा, शेवटचा रंग बूथमध्ये (रंगाच्या बंदिस्त खोलीत) होऊ द्या.

आमच्याकडे येताना आरसीची प्रत, गाडीचे चारही बाजूंचे आणि खालून काढलेले फोटो, आणि ज्या भागाबद्दल विचारायचं तो भाग सोबत आणा. चौकशीचे पैसे घेत नाही. मशिनचं काम बारा महिने चालतं. रंगाची नोंदणी दसऱ्यापासून घेतो, जून ते सप्टेंबर रंगाचं काम घेत नाही. पत्ता आणि फोन बिलावर छापलेला आहे.