उसाचा रस, लिव्हरमधली चरबी आणि सशाचं रक्त

विश्रामबागला रसवंतीवर उभे होतो, भाचीने दुसरा ग्लास संपवला आणि म्हणाली, मामा, या साखरेची चरबी करणारं एंझाइम मी लॅबमध्ये रोज शोधत असते. पुढचा तासभर ती बोलत होती आणि मी ऐकत होतो, ते इतकं भारी वाटलं की म्हटलं लिहूनच टाकावं.

तर त्या एंझाइमचं नाव फॅटी ॲसिड सिंथेस. गरजेपेक्षा जास्त साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढतं, लिव्हरमध्ये हे एंझाइम जास्त बनायला लागतं, आणि ते दोन-दोन कार्बन जोडत 16 कार्बनची साखळी तयार करतं, तेच पाल्मिटिक ॲसिड. फॅटी लिव्हरवर संशोधन करणारे याचा अभ्यास करतात, कॅन्सरवर करणारेही करतात, कारण बऱ्याच गाठींत ते वाढलेलं दिसतं.

पण लिव्हरच्या पेशीत हजारो प्रकारची प्रोटीन्स, त्यातलं हे एकच ओळखायचं कसं? इथे ससा येतो. एंझाइमचा एखादा तुकडा सशाला टोचतात, मधे मधे बूस्टर देतात, दोन-तीन महिन्यांनी कानाच्या शिरेतून रक्त घेतात. सशाच्या दृष्टीने तो तुकडा परका, त्यामुळे त्याच्या वेगवेगळ्या बी पेशी त्या तुकड्याच्या वेगवेगळ्या जागा पकडणाऱ्या अँटीबॉडी बनवतात. अशी मिसळ म्हणजे पॉलिक्लोनल. शिराळ्याकडे साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात ना, तेही याच जातीचं, फक्त ते घोड्याच्या रक्तातलं.

लॅबमध्ये काय करतात, तर पेशींतली प्रोटीन्स जेलमधून पळवून आकाराप्रमाणे वेगळी करतात, मग ती कागदासारख्या पातळ मेंब्रेनवर उतरवतात. हे एंझाइम दांडगं, साधारण 273 किलोडाल्टन (हे प्रोटीनच्या वजनाचं माप), त्यामुळे जेलमध्ये अगदी वरच अडकून राहतं आणि मेंब्रेनवर उतरायलाही वेळ लावतं. मग मेंब्रेन दूध पावडरच्या पाण्यात ठेवायचा, हो, साधी स्किम्ड मिल्क पावडर, म्हणजे मोकळ्या जागा दुधातल्या प्रोटीनने भरतात आणि अँटीबॉडी भलतीकडे चिकटत नाही. त्यावर सशाची अँटीबॉडी, तिच्यावर सशाच्या अँटीबॉडीला धरणारी दुसरी, ही बहुतेक वेळा बकरीची, आणि तिला जोडलेलं दुसरंच एक एंझाइम उजेड पाडतं. एका प्रोटीनला बऱ्याच जागी अँटीबॉडी चिकटतात म्हणून थोडकं असलं तरी त्याचा उजेडाचा पट्टा, म्हणजे बँड, ठसठशीत येतो.

अडचणही यातूनच येते. इतक्या अँटीबॉडींतली एखादी दुसऱ्याच प्रोटीनला धरू शकते. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच वंशाच्या पेशींपासून एकसारखी अँटीबॉडी करून दाखवली, ती मोनोक्लोनल, ती पुन्हा पुन्हा तशीच बनवता येते. ससा मात्र गेला की त्याचा लॉट संपला, पुढच्या सशाची मिसळ वेगळी.

भाचीकडे तेच झालं. नवा लॉट आला, 273 ला बँड होताच पण खाली आणखी एक दिसायला लागला. मग तिने ज्या पेशींतून या एंझाइमचा जीनच काढून टाकलाय त्यांचं सॅम्पल जेलच्या शेजारच्या लेनमध्ये, म्हणजे रांगेत, चालवलं. वरचा बँड गायब, खालचा जागच्या जागी. म्हणजे खालचा कुणा दुसऱ्याच प्रोटीनचा. जुने आणि नवे आकडे एकाच ग्राफवर टाकायचे नाहीत म्हणून फ्रीझरमधली तीन महिन्यांची सगळी सॅम्पल्स ती आता नव्या लॉटवर परत चालवतेय.