मांजराचे मागचे पाय अचानक गेले तर

"काल रात्री चांगली उड्या मारत होती, सकाळपासून मागचे पाय ओढतेय. कॅल्शियमची बाटली द्या." आमच्या काउंटरवर ही मागणी नेहमी येते. बाटली विकून आमचा फायदाच आहे, तरी अशा वेळी आम्ही ती देत नाही. पिल्लांना पाजणारी मांजरी सोडली, तर कॅल्शियम कमी पडल्याने पाय एका रात्रीत जात नाहीत. आणि तिलाही लागतं ते डॉक्टरांचं इंजेक्शन, आमचं सिरप नव्हे.

आधी पंजांना हात लावा. मागचे पंजे पुढच्यांपेक्षा गार आहेत, तळव्यांच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतायत, मांजर कळवळून ओरडतंय, तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय, असं असेल तर बहुधा रक्ताची गुठळी अडकली आहे. काही मांजरांच्या हृदयाची भिंत जाड होत जाते. मेनकून आणि रॅगडॉलमध्ये हा दोष आनुवंशिक असतो, पण साध्या गावठी मांजरातही होतो. बाहेरून काही कळत नाही. हृदयात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटते आणि मुख्य धमनीला मागच्या पायांकडे जाणारे फाटे फुटतात तिथे जाऊन बसते. पायांचा रक्तपुरवठाच बंद पडतो. हे दुखणं भयंकर असतं. सगळी मांजरं वाचत नाहीत हे खरं, पण काही पुन्हा चालतात. म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा.

निघण्यापूर्वी पाय चोळू नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका. बधिर कातडी भाजते. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम तर अजिबात नको. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

पंजे गरम असतील तर कारण वेगळं असू शकतं, निकड मात्र तितकीच. गॅलरीतून पडलं असेल, तर मणक्याला मार लागलेला असू शकतो: उचलून खांद्यावर घेऊ नका, फळीवर किंवा ट्रेमध्ये सरकवून न्या. पावसाळ्यात, शेताजवळच्या घरात मण्यार चावल्याची खूण दिसेलच असं नाही. आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावलंय का, हे घरात सगळ्यांना विचारा. त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजर थरथरतं, झोकांड्या खातं, झटके येतात. औषधाचं पाकीट डॉक्टरांकडे सोबत न्या.

एकच पाय लंगडतोय, खाणंपिणं नीट आहे, आदल्या रात्री बोक्याची मारामारी झाली होती, तर बहुतेक चाव्याचा गळू. डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, पण धावपळ नको.

म्हाताऱ्या मांजराचे पाय हळूहळू सैल पडतात ते निराळं. मान खाली झुकलेली राहते तेव्हा रक्तातलं पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं, मागे बरेचदा किडनीचा आजार असतो. मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालत असेल आणि पाणी फार पीत असेल तर साखर तपासून घ्या. इथे एक-दोन दिवसांत अपॉइंटमेंट मिळाली तरी चालतं. खाणं सोडलं असेल तर मात्र त्याच दिवशी.

मांजर न्यायला पिंजरा नसेल तर आमच्याकडून न्या. अनामत भरा, परत आणल्यावर पूर्ण मिळेल.