शेजाऱ्यांचा त्रास आणि माइकचा त्रास

"तबल्याचा रियाज खालच्या मजल्यावर ऐकू जातो, कुठला फोम लावू?" असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: त्रास कुणाला होतोय, शेजाऱ्यांना की तुमच्या माइकला? शेजाऱ्यांना असेल तर काम साउंडप्रूफिंगचं, म्हणजे आवाज बाहेर जाण्यापासून अडवण्याचं. रेकॉर्डिंग डब्यातून आल्यासारखं वाटत असेल तर अकॉस्टिक ट्रीटमेंटचं, म्हणजे खोलीतला घुमारा शोषण्याचं. दोन्हींसाठी तोच करडा फोम 'साउंडप्रूफ' म्हणून विकला जातो, याची मला मनापासून चीड आहे.

घुमारा सगळ्यांच्या ओळखीचा. रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी घुमते, गाद्या-पडदे आले की बसते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून हेच मोजलं. फोमही गाद्यांसारखाच घुमारा शोषतो.

घोळ होतो तो पुढे. आवाज फोमने शोषला म्हणजे तो बाहेर जाणार नाही, असं वाटतं. फोमचा तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारून बघा. हवा आरपार जाते, मग आवाजही जातो. शोषायला सच्छिद्र वस्तू लागते. अडवायला जड आणि हवाबंद. एकीचा गुण तोच दुसरीचा दोष. फोमने भिंतीवर आदळणारी निम्मी ऊर्जा खाल्ली तरी पलीकडे फरक जेमतेम ३ डेसिबलचा. प्लास्टर केलेली विटांची भिंत ४० डेसिबलहून जास्त अडवते, म्हणजे दहा हजारांतला एक भागही पलीकडे जात नाही.

पण भिंत काय करणार, दाराखाली अर्धा इंच फट असेल तर? ७ बाय ३ फुटांच्या दारात ती जागा फक्त ०.६ टक्के, तरी दार कितीही भक्कम असलं तरी साधारण २२ डेसिबलच्या वर अडवू शकत नाही. म्हणून फोमवर पैसे घालवण्याआधी दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी बसवा, खिडकीच्या फटी बुजवा. आणि खालच्यांना डग्गा ऐकू येतो त्यात फरशीतून जाणाऱ्या कंपनांचाही वाटा असतो. तबला रबरी पॅडवर ठेवलेल्या जड पाटावर घ्या.

खोली अशी बंद केली की आत खर्ज जास्तच घुमतो, कारण बाहेर जायची वाट बंद झालेली असते. ट्रीटमेंटची खरी गरज तेव्हा. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ३.४ मीटर, दोन इंची फोम तिला काहीच करत नाही. कोपऱ्यांत किमान चार इंच जाडीचे, कापडात गुंडाळलेले रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे) पॅनेल उभे करा, मागे थोडी पोकळी सोडून. मग बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आणि छतावर.

अंड्यांचे ट्रे मात्र कुठेच लावू नका. त्यांनी ना आवाज अडतो ना खर्ज शोषला जातो, आणि पुठ्ठा झटकन पेटतो.