जळीत उसातून उठलेला कार्निव्हल

कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावरच्या कार्निव्हलचे फोटो दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडे झळकतात: पिसांचे मुकुट, चमचमते पोशाख, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर नाचणारी गर्दी. या उत्सवाचा आजचा सूर घडवण्यात कलावंतांइतकाच पोलिसांचा हात आहे, असं म्हटलं तर विचित्र वाटेल. पण इतिहास तेच सांगतो.

1783 मध्ये स्पेनच्या राजाने या बेटावर कॅथलिक स्थलांतरितांना जमिनी देऊ केल्या. आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आले, सोबत गुलामही आले. 1797 मध्ये बेट ब्रिटिशांनी घेतलं, तरी उच्चभ्रू घरांतले रिवाज फ्रेंचच राहिले. नाताळ ते लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) सुरू होईपर्यंत मुखवटे घालून नाचगाणी चालत. त्यात गोरे मालक गंमत म्हणून शेतमजूर गुलामाचं सोंग घेत आणि ‘कानबुले’ची नक्कल करत.

कानबुले म्हणजे पेटलेल्या उसावरची धावपळ. उसाला आग लागली की शेजारच्या मळ्यांवरचे गुलामही रात्री-अपरात्री मशाली घेऊन हाकलले जात. शिंगं फुंकली जात, चाबूक कडाडत. जळीत ऊस लगेच गाळपाला गेला नाही तर किती नुकसान होतं, हे आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला सांगायला नको. ती घाई मालकाची असे, पाठीवरचे वळ गुलामाचे.

1 ऑगस्ट 1834 रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. प्रत्यक्षात मात्र ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली शेतमजुरांना आणखी सहा वर्षं त्याच मालकांकडे राबायचं होतं. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये लोकांनी गव्हर्नरसमोर ‘सहा वर्षं नाही’ असा फ्रेंचमध्ये घोष केला. अखेर 1838 मध्ये ही मुदत आधीच गुंडाळावी लागली. मुक्त झालेल्यांनी कानबुले स्वतःच्या हाती घेतलं. आता मशाल आणि ढोल त्यांचे होते. आधी मुक्तिदिनी निघणारी ही मिरवणूक पुढे कार्निव्हलला जोडली गेली आणि रविवारच्या मध्यरात्री निघू लागली. अंगाला मळी फासलेले ‘जॅब मोलासी’ आले, मळेवाल्यांच्या बायकांची टर उडवणारी ‘डेम लोरेन’ आली. वस्त्यावस्त्यांतून लाठीबहाद्दर निघत आणि त्यांचा गायक प्रतिस्पर्ध्याला गाण्यातून डिवचत असे. कॅलिप्सो या त्रिनिदादच्या गानप्रकाराची एक मुळी तिथलीच. सभ्य समाजाने मात्र नाकं मुरडली.

1880 मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने मशाली आणि लाठ्या काढून घेतल्या, फारसा विरोध झाला नाही. 1881 मध्ये त्याने तोच बेत केला, तेव्हा एरवी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या टोळ्या एक झाल्या आणि पोलिसांवर तुटून पडल्या. गव्हर्नर फ्रीलिंग यांना पोलीस बराकीत ठेवून स्वतः जमावापुढे बोलावं लागलं. सरकार ही मानहानी विसरलं नाही. 1884 मध्ये मशाल, ढोल आणि दहा किंवा अधिक लाठीधाऱ्यांचा जमाव यांवर बंदी आली. त्याच ऑक्टोबरमध्ये सान फर्नांडोजवळ मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक शहरात येऊ नये म्हणून पोलिसांनी भारतातून करारावर आणलेल्या मळेमजुरांवर गोळीबार केला. डझनाहून अधिक माणसं मेली. मिरवणुकीत हिंदूही असत. दोन्ही घटना एकाच भीतीतून घडल्या, पण कार्निव्हलच्या गोष्टीत दुसरीची आठवण क्वचितच निघते.

ढोल गेला तर बांबू आला. जाड, लांब नळी जमिनीवर आपटली की खर्जाचा ठोका. दोन आखूड नळ्यांची टोकं एकमेकांवर आपटून मधला सूर. खांद्यावरच्या बारीक बांबूवर काठीने वाजवलेला टिपेचा ताल. या ‘तांबू बांबू’वर पुढची कित्येक वर्षं कार्निव्हल चालला. 1930 च्या दशकात पोरांनी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मिळेल ते पत्र्याचं उचललं. ठोकून पोचे पाडले की वेगवेगळे स्वर निघतात, हे कळल्यावर लाव्हांटीलसारख्या गरीब वस्त्यांत चढाओढ लागली. महायुद्धात, 1942 ते 1945, रस्त्यावरचा कार्निव्हल बंद होता. पुढे तेलाची रिकामी पिंपं सर्रास वापरात आली आणि स्टीलपॅन घडला. पॅन वाजवणारा म्हणजे गुंड, असं तेव्हाही मध्यमवर्गीय घरांत ठाम मत होतं आणि पोलीसही त्याच नजरेने बघत. 1951 मध्ये निवडक वादकांचा ताफा ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी लंडनला गेला, टाळ्या घेऊन आला आणि घरचीही मतं हळूहळू बदलली. 1992 मध्ये पॅनला राष्ट्रीय वाद्य जाहीर केलं गेलं.