कोश जिथे थांबतो: मूळ शब्दांच्या शोधाची पार्श्वभूमी

कोशात ‘हर्ष’ शोधावा तर ‘आनंद’ सापडतो आणि ‘आनंद’ पाहावा तर पुन्हा ‘हर्ष’ समोर येतो. ‘आंबट’चा अर्थ सांगताना मात्र चिंचेचा आधार घ्यावाच लागतो, आणि ज्याने चिंच कधी चाखलेली नाही त्याला तो अर्थ वाचून काहीही कळत नाही. शब्दाने शब्द सांगण्याची ही साखळी अनुभवाला नेमकी कुठे टेकते, याचा शोध जुना आहे.

आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक या दर्शनकारांनी ‘शक्तिग्रह’, म्हणजे शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध कळणे, या नावाने त्याची चर्चा केली. एक मोठा माणूस दुसऱ्याला ‘गामानय’ म्हणतो आणि गाय आणली जाते; ‘गां बधान’ म्हटल्यावर तीच गाय बांधली जाते, ‘अश्वमानय’ म्हटल्यावर घोडा येतो, आणि शेजारी उभे असलेले मूल कोणता शब्द बदलल्यावर काय बदलले हे ताडून ‘गाय’ वेगळी करते, ‘आणणे’ वेगळे करते. अर्थ कळण्याच्या साधनांत त्यांनी कोशही धरला, पण अग्रमान दिला तो मोठ्यांच्या या बोलण्या-वागण्याला, म्हणजे वृद्धव्यवहाराला, आणि तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.

युरोपात तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी 1690च्या सुमारास साध्या संवेदनांची व्याख्या करता येत नाही असे मांडले. त्यांनी दिलेल्या दाखल्यातील अभ्यासू अंध माणूस पुष्कळ खटपटीनंतर सांगतो की, लाल रंग म्हणजे तुतारीच्या आवाजासारखे काहीतरी असावे. तत्त्वज्ञ लाइब्निट्झ यांना मानवी विचारांची वर्णमालाच, म्हणजे ज्यांपासून बाकी सारे विचार जुळवता येतील अशा साध्या कल्पनांची यादीच हवी होती, पण ती त्यांच्या हातून पूर्ण झाली नाही. चार्ल्स ऑग्डेन यांनी 1930 मध्ये इंग्रजीचे 850 शब्द निवडले आणि त्यांतले 200 चित्राने दाखवता येतील अशा वस्तूंचे ठेवले. त्यांचा हेतू मात्र परकीयांना भाषा सोपी करण्याचा होता.

लाइब्निट्झ यांचा धागा पुढे नेला तो पोलंडच्या भाषाशास्त्रज्ञ आना विएझबिट्स्का यांनी. त्यांनी 1972 मध्ये 14 मूळ अर्थ, म्हणजे आणखी सोप्या शब्दांत फोडता न येणारे अर्थ, मांडले. क्लिफ गॉडार्ड आणि इतरांच्या साथीने अनेक भाषांत पडताळत ती यादी आज 65वर आली आहे. त्यात मी, तू, चांगले, वाईट, पाहणे, ऐकणे, हवे असणे, मरणे आहेत. मराठीत ही पडताळणी सरळ होत नाही, कारण ‘भीती वाटते’ आणि ‘तो येईल असे वाटते’ यांत एकच ‘वाटणे’ भावनेचेही काम करते आणि विचाराचेही, आणि यादीत मात्र ते दोन वेगळे अर्थ आहेत.

रंगांची नावे या यादीत नाहीत. ‘लाल’चा अर्थ सांगताना विएझबिट्स्कांनाही विस्तवाकडे आणि रक्ताकडेच बोट दाखवावे लागले.