पारा कारखान्यातून आधी निघाला, घरातून नंतर

पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2018 साली मान्यता दिली, तेव्हा पाऱ्याच्या वस्तू आणि पारा वापरणाऱ्या प्रक्रियांसाठी 2025 पर्यंतची सवलत ठेवली होती. बडोद्यापुरते बोलायचे, तर इथला कारखानदारीतला मोठा पारा त्याच्या कितीतरी आधीच निघून गेला होता. माझ्या मते त्याचे मोठे श्रेय पर्यावरणाच्या काळजीपेक्षा विजेच्या बिलाला जाते.

बडोद्याजवळच्या रणोलीची गुजरात अल्कलीज ही कॉस्टिक सोडा करणारी कंपनी 1973 मध्ये स्थापन झाली. कॉस्टिक सोडा करायची तेव्हाची रूढ पद्धत म्हणजे मर्क्युरी सेल. लांबलचक, किंचित उतरत्या टाकीच्या तळाशी पाऱ्याचा पातळ थर वाहता ठेवायचा, त्यावरून मिठाचे पाणी सोडायचे आणि वीज द्यायची. क्लोरीन वर निघतो, सोडियम पाऱ्यात विरघळतो. पुढच्या टाकीत पाणी भेटले की सोडियमचा कॉस्टिक होतो आणि पारा पंपाने परत पहिल्या टाकीत जातो. कागदावर पारा खर्चच होत नाही. प्रत्यक्षात थोडा गाळात जातो, थोडा हायड्रोजनबरोबर, थोडा कामगाराच्या श्वासात. पाऱ्याऐवजी पातळ पडदा वापरणारा मेम्ब्रेन सेल आला तो टनामागे बरीच कमी वीज खाणारा, आणि त्यात पाऱ्याचे कामच नव्हते. गुजरात अल्कलीज लवकर तिकडे वळली. देशातल्या बाकी कारखान्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2003 च्या सनदेत पारा सोडायला 2012 ची मुदत घातली.

खुद्द मिनामातातही फार वेगळे घडले नाही. करार ज्याच्या नावाने ओळखला जातो, जपानच्या त्या बंदरगावात 1956 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेच्या रोगाची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला मिथिल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचे विषारी संयुग, मासळीतून माणसांत उतरत होता. सरकारने कारण मान्य केले 1968 मध्ये, म्हणजे पारा वापरून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन करायची पद्धत जुनाट ठरून कंपनीने बंद केल्यावर काही महिन्यांनी!

मकरपुऱ्याच्या बाजूला बडोद्याचा दुसरा मोठा धंदा आहे, ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या सामानाचा. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बिघाडाचा गॅस जमू लागला की बुखोल्झ रिले इशारा देतो. जुन्या रिलेत बोटाएवढी काचेची नळी आणि तिच्यात पाऱ्याचा थेंब असे. तरंगता गोळा खाली आला की नळी कलते, थेंब घरंगळून दोन तारा जोडतो आणि अलार्म वाजतो. युक्ती सुरेखच, पण जोराचा हादरा बसला तरी थेंब हलायचा आणि ट्रान्सफॉर्मर उगाच बंद पडायचा. म्हणून चुंबकाने चालणारे रीड स्विच आले.

घरातला पारा मात्र चिवट निघाला. गुडघा फुटला की लावायचे ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, पाऱ्याचेच. तापाच्या थर्मामीटरमध्ये जेमतेम ग्रॅमभर, पण दवाखान्यातल्या उभ्या बीपीच्या मशीनमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास. डॉक्टरांचा त्यावर विश्वास होता, आणि तो अनाठायी नव्हता. 120/80 हा आकडा पाऱ्याच्या स्तंभाची मिलीमीटरमधली उंचीच आहे. ते बदलून कुणाची वीज वाचणार नव्हती. इथे रेटा बाहेरूनच यावा लागला. कोडाइकनालचा थर्मामीटर कारखाना 2001 मध्ये बंद पडला, तो पारा लागलेली फुटकी काच भंगारात सापडल्यावर. केंद्र सरकारच्या रुग्णालयांना पाऱ्याची उपकरणे टप्प्याटप्प्याने काढायला सांगितले गेले ते 2010 मध्ये.

दिव्यांची गोष्ट उलटसुलट आहे. वीज वाचवायला म्हणून सरकारने सीएफएल घरोघरी नेला, आणि त्याच्यासोबत काही मिलीग्रॅम पाराही. मग 2015 पासून सरकारच्याच उजाला योजनेत एलईडी स्वस्त झाला आणि विजेच्याच हिशेबाने सीएफएल बाद झाला. लांब ट्यूबलाइटचे उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 पर्यंत थांबवायची, हे करारातल्या देशांनी 2023 मध्ये जिनिव्हाला ठरवले आहे.

विकल्या गेलेल्या नळ्यांचे काय, हा भाग अजून कच्चाच आहे. 2016 च्या ई-कचरा नियमांनी त्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण दारावरचा भंगारवाला पत्र्याची पट्टी आणि तांब्यासाठी चोक वजनावर घेतो, नळीला भाव नाही. ती कचऱ्याच्या गाडीत जाते आणि बहुधा तिथेच फुटते.