बॉम्बफेकी विमान आणि लिंबातलं आम्ल

‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ असं ठामपणे सांगणारं कुणी ना कुणी मला नेहमी भेटतं. त्यांना मी एवढंच विचारतो, की मग घरात मीठ चिनी मातीच्या बरणीत का ठेवतात? आणि पापडखाराचं पाणी उकळलं की ॲल्युमिनियमचं पातेलं आतून काळं का पडतं? याच दोन प्रश्नांमध्ये एका बुडालेल्या विमानाची गोष्ट दडली आहे.

२६ ऑगस्ट १९४० रोजी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या आकाशात झालेल्या ‘ब्रिटनच्या लढाईत’, जर्मनीचं डॉर्निअर १७ जातीचं बॉम्बफेकी विमान इंग्लंडच्या केंट किनाऱ्यासमोर गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर पाडलं गेलं. विमानातल्या चौघांपैकी दोघे वाचले. विमान उलटं होऊन बुडालं आणि सुमारे १५ मीटर पाण्याखाली वाळूत गाडलं गेलं. १० जून २०१३ रोजी ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने ते वर काढलं, तेव्हा पंख्यांची पाती पाण्यावर आदळतानाच्या धक्क्याने वाकलेली तशीच होती. या जातीचं दुसरं विमान जगात शिल्लक असल्याचं माहीत नाही.

गुडविन सँड्सला खलाशी ‘जहाजं गिळणारी वाळू’ म्हणत. तिथे दर पन्नास वर्षांनी भुताचं जहाज दिसतं, अशी दंतकथाही आहे. विमान टिकवलं ते भुताखेतांनी नव्हे. वाळूखाली प्राणवायू कमी पोचतो आणि क्षरण, म्हणजे गंजणं, मंदावतं, एवढंच. ‘जसंच्या तसं सापडलं’ या बातम्याही फुगवलेल्याच होत्या. पत्रा कित्येक ठिकाणी चाळणीसारखा झाला होता.

उचलणंही सोपं नव्हतं. आधी विमानाखाली चौकट बसवायची योजना होती, पण वादळी हवेत आठवडे गेले आणि ती सोडावी लागली. शेवटी विमानाच्या भक्कम भागांना दोर बांधले. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, म्हणजे पाण्यात त्याचं वजन सुमारे ६३ टक्केच भरतं. विमान पाण्याबाहेर आलं की तो आधार जातो, शिवाय पोटातलं पाणी आणि वाळू लटकतातच. कुजका पत्रा फाटायची खरी भीती त्या क्षणी.

पण मला भुरळ पडते ती पुढच्या रसायनाची. विमानाचा पत्रा ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबं. त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असतो, तोच त्याचं चिलखत. मिठातले क्लोराइड आयन हा पापुद्रा एखाद्या ठिकाणी फोडतात. शेजारी तांब्याचे कण असतातच, त्यामुळे तिथे इवलासा विद्युतघट तयार होतो: तांबं ऋणाग्र, ॲल्युमिनियम धनाग्र, आणि झिजतं ते धनाग्र. विरघळलेले ॲल्युमिनियमचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात, धन प्रभार तोलायला आणखी क्लोराइड आत ओढले जातात, आणि खड्डा स्वतःलाच खोल करत जातो. बाहेर समुद्राच्या पाण्याचा सामू (pH; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) आठच्या आसपास असला, तरी आत आम्लच असतं. विमान हवेत येऊन सुकू लागलं की भरपूर प्राणवायू मिळतो, मीठ ओल धरून ठेवतं, आणि सत्तर वर्षांत झालं नाही ते झपाट्याने होऊ लागतं. म्हणून ते पहिल्या दिवसापासून ओलं ठेवलं.

मग मीठ काढायचं कसं? समुद्रातून निघालेलं लोखंड अल्कलीच्या द्रावणात मुरवतात. पापडखारही अल्कलीच, म्हणून इथे तसं केलं, तर पातेल्याची गत! ॲल्युमिनियमचं ऑक्साइड उभयधर्मी आहे. तीव्र आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीतही विरघळतं. साधारण ४ ते ८.५ सामूच्या दरम्यानच ते सुरक्षित असतं. म्हणून इंपीरियल कॉलेज लंडनच्या शास्त्रज्ञांनी लिंबातलंच सायट्रिक आम्ल घेतलं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू ५.५ च्या आसपास आणला, आणि याच म्युझियमच्या कॉसफर्ड इथल्या शाखेत प्लॅस्टिकच्या बोगद्यांमध्ये विमानावर त्याचे फवारे सोडले. क्लोराइड धुऊन निघतं, पत्र्यावर चढलेल्या शिंपल्यांच्या थरातलं कॅल्शियम या आम्लातलं सायट्रेट पकडतं आणि थर सुटायला लागतो. नुसता लिंबाचा रस मात्र चालणार नाही. त्याचा सामू दोनच्या आसपास असतो.

एक अडचण उरतेच. त्याच पत्र्याला पोलादी बोल्ट जखडलेले असतात. पोलादाला अल्कली मानवते आणि आम्ल खातं. पत्र्याला अल्कली खाते. दोघांना एकाच पाण्याने सुखी करता येत नाही, म्हणून आधी पत्र्याचा विचार करावा लागला.